आधी विहिरीत कोण उतरलं?

श्रीगोंद्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर टेबलावर आली, वायंडिंग भरलं, वार्निश मारलं की काम संपलं, असं फार थोड्या वेळा होतं. निम्मे फोन थेट विहिरीच्या काठावरून येतात. मोटर पाणी ओढेना, फूटवॉल्व्हमध्ये काहीतरी अडकलंय, पाणबुडी गाळात रुतलीय. मग उतरावं लागतं. आमच्याकडच्या जुन्या विहिरी सात-सात, आठ-आठ परसांच्या. पायऱ्या असल्या तरी निम्म्यातच संपतात आणि तिथून पुढं कमरेला दोर.

पहिले दोन परस ऊन सोबत असतं. मग कपारीतली पारवी फडफडतात, शेवाळाचा वास येतो आणि वरच्या माणसांचे आवाज बदलतात. शब्द कळत नाहीत, नुसता घुमारा ऐकू येतो. चौदा वर्षं हे करतोय, पण अंगावर काटा येतोच. लोक विचारतात, भुताची भीती वाटत नाही का? भुताची नाही वाटत. दोर ज्याच्या हातात आहे त्याची वाटते. त्याचं लक्ष आहे ना, एवढाच विचार खाली उतरताना डोक्यात असतो.

म्हणून ‘तुम्बाड’ या सिनेमात नायक विनायक कमरेला दोर बांधून विहिरीत उतरू लागला, तेव्हा मी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलाच नाही. कमरेला जाणवला.

सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ला लागला तेव्हा मी पाहिला नव्हता. त्या साली पावसानं नगर जिल्ह्याला दगा दिला होता. ज्यांच्या विहिरीला पाणी नाही ते मोटर कशाला भरून घेतील? दुकान थंड होतं आणि सिनेमाचं कुणाच्या मनातही नव्हतं. पाहिला तो २०२०च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊनमध्ये, मोबाईलवर. रात्री अंगणात बाजेवर पडलो होतो. शेजारी आजी होती. तिला झोप कमी. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि थांबेचना, तशी ती उठून बसली.

“कुठलं गाव रं हे? लई पाऊस हाये.”

“कोकणातलं. देवांचा शाप हाये आजी त्या गावाला. म्हणून पाऊस थांबत न्हाई.”

“पाऊस शाप?” ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, “पाऊस शाप?”

तिला ते पटेना. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. घोड आणि कुकडीच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, ही आमच्याकडची सगळ्यात मोठी बातमी. पाण्यासाठी इथं पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण करतात आणि लाखभर रुपये मातीत घालतात. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अघोरी कृत्यांची जी यादी आहे, तिच्यात मौल्यवान वस्तूंच्या शोधासोबत जलस्रोताच्या शोधाचाही उल्लेख आहे. तो वाचला तेव्हा मला वाटलं, हे कलम लिहिणाऱ्यानं आमच्यासारख्या भागात दिवस काढले असणार. कोकणातल्या वाड्याखाली सोनं असेल. आमच्याकडचं गुप्तधन पाणी आहे.

पुढं गर्भगृहाचा प्रसंग आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समृद्धीच्या देवीजवळ अमर्याद सोनं आहे आणि अमर्याद धान्य. तिचा थोरला मुलगा हस्तर. त्यानं सोनं घेतलं आणि धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला पोटात घेऊन वाचवलं, पण अट अशी पडली की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव कुणी घेणार नाही. तुम्बाडमधल्या एका घराण्यानं मात्र त्याचं देऊळ बांधलं आणि त्या गावावर पाऊस कोसळू लागला. विनायक विहिरीतून त्या देवीच्या पोटात उतरतो, कणकेची बाहुली हस्तरपुढं टाकतो आणि तो पिठावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओढून पळतो.

मी श्वास रोखून पाहत होतो. आजी शांतपणे म्हणाली, “भुकेला हाये त्यो.”

“राक्षस हाये आजी.”

“असंल. पर भुकेला हाये. पिठावर कसा पडला बघ.”

आजी बहात्तरच्या दुष्काळातून गेलेली बाई. खडी फोडलेली, पाझर तलावाची माती वाहिलेली, सुकडी खाल्लेली, लाल मिलोची भाकरी खाल्लेली. भुकेची ओळख तिला माझ्यापेक्षा जास्त. मी तोपर्यंत हस्तरकडं भय म्हणून पाहत होतो. तिच्या त्या वाक्यानंतर सिनेमा मला वेगळाच दिसायला लागला. सोन्याच्या ढिगावर बसलेला, पण घासभर पिठासाठी युगानुयुगं तळमळणारा एक पोरगा. आणि त्याची भूक ओळखून तिचाच गळ करणारी माणसं.

तिथून मला या सिनेमाचं वेड लागलं. त्यात भर घातली आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी. ते दुकानात मोटर घेऊन आले आणि माझ्या फोनवर हस्तरचं चित्र बघून थांबले. “धारपांची ‘आजी’ वाचली का?” मी नव्हती वाचली. दोन दिवसांनी पुस्तक घेऊन हजर. नारायण धारपांची ती कथा, आणि धारपांच्या मागं स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’. किंगच्या गोष्टीत घरात एकटा मुलगा आणि खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी. गुरुजींनी सांगितलं की सिनेमाचं नाव आलंय श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, पण कादंबरीतली माणसं सिनेमात शोधू नकोस, फक्त नाव घेतलंय.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांची हकीगत तर मला सिनेमाइतकीच आवडते. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा हा मुलगा. १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना धारपांची गोष्ट सांगितली. १९९७मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. पुढं सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. २०१२मध्ये चित्रीकरण झालं, ते मनासारखं वाटलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रीकरण केलं. जंगलात ऐकलेली गोष्ट पडद्यावर यायला पंचवीस वर्षं लागली. अमेरिकेतला लेखक, पुण्यातले धारप, नागझिऱ्याची शेकोटी आणि श्रीगोंद्यातली आमची बाज. गोष्टी किती लांब चालत येतात!

१३ सप्टेंबर २०२४ला, शुक्रवारी, ‘तुम्बाड’ पुन्हा थिएटरात लागला. गौरी आदल्या दिवशी गेल्या होत्या, गणपती घरात होते. शनिवारी बातमी आली की सिनेमात विनायक झालेले सोहम शाह यांनी ‘तुम्बाड २’ जाहीर केला. राही बर्वे मात्र त्यात नसणार, हेही लगेच कळलं. त्यांनी जाहीरपणे शुभेच्छा दिल्या आणि आपण आपल्या पुढच्या कामाला लागल्याचं सांगितलं. मला ते वाचून वाईट वाटलं. एवढी वर्षं एका विहिरीत उतरलेला माणूस तिच्या काठावरून निघून चालला होता.

रविवारी दुपारी आम्ही पाच जण नगरला निघालो. मी, मावसभाऊ, त्याचा अकरावीतला पोरगा, दुकानात माझ्या हाताखाली काम करणारा मुलगा आणि गुरुजी. गुरुजींच्या घरी पाहुणे होते, तरी आले. नगर-दौंड रस्त्याला लागेपर्यंत एकच विषय पेटला होता. नवीन सिनेमात काय असणार? गोष्ट पुढची की मागची?

पुढची गोष्ट संपल्यासारखीच आहे, असं मावसभाऊ म्हणाला. विनायकचा मुलगा पांडुरंग बापानं पुढं केलेल्या मोहरा घेत नाही, शापित बापाला आग लावतो आणि निघून जातो. तो परत आला तर तो नकार वाया गेला. म्हणजे मागंच जायला पाहिजे. सिनेमा १९१८ला सुरू होतो. त्याच्या आधीचं सगळं मोकळं पडलंय. देऊळ कुणी बांधलं, कधी बांधलं, वाडा कसा उभा राहिला.

पुतण्याला हस्तर हवा होता. खूप हस्तर. शेवटच्या प्रसंगात अनेक बाहुल्या नेल्यामुळं एकाचे अनेक हस्तर होतात, ते त्याला सिनेमाभर पाहिजे होते. “देवांची लढाई दाखवायची काका. सोळा कोटी देव एकीकडं आणि हस्तर एकीकडं.” त्याचे डोळे चमकत होते. माझ्या दुकानातला मुलगा फार बोलत नाही. तो म्हणाला, विहीर कुणी खणली ते दाखवायला पाहिजे. आमचाच माणूस! खणताना आतून लाल मांस लागलं असेल तर पहिला पहारीचा घाव घालणाऱ्याला काय वाटलं असेल, असं त्यानं विचारलं आणि गाडीत क्षणभर सगळे गप्प झाले.

गुरुजींना यातलं काही नको होतं. “आधीची गोष्ट सांगायची म्हणजे जे झाकलेलं आहे ते उघडायचं. झाकलं होतं म्हणून तर भीती वाटत होती.” त्यांनी ‘एलियन’चं उदाहरण दिलं. १९७९च्या त्या सिनेमात परक्या ग्रहावरच्या यानात खुर्चीला चिकटून गेलेला एक महाकाय मृत देह दिसतो. तो कोण, कुठला, काही सांगत नाहीत. लोक तेहतीस वर्षं त्याचा विचार करत राहिले. मग त्याच दिग्दर्शकानं २०१२मध्ये आधीची गोष्ट सांगणारा ‘प्रोमिथियस’ काढला आणि कळलं की तो देह नव्हताच, पोशाख होता. आत उंच, पांढराफटक, माणसासारखाच कुणीतरी. “आता मी जुना सिनेमा बघतो तेव्हा तो देह मला मोठा वाटत नाही,” गुरुजी म्हणाले. ते हे इतक्या कळवळ्यानं म्हणाले की पुतण्यासुद्धा वाद घालायचा थांबला.

पण माझ्याकडं दुसरं उदाहरण होतं, आणि ते गाडीतल्या प्रत्येकाच्या घरात घडून गेलं होतं. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका.

पहिला भाग २०१६मध्ये लागला. सुरुवातीलाच अण्णा नाईक मरतात आणि त्या मृत्यूभोवती सगळं घर फिरत राहतं. मालवणी बोली आम्हा नगरकडच्या लोकांना निम्मीच कळायची, तरी रात्री साडेदहाला गल्ली शांत व्हायची. अण्णा कोण होते, हे आपण फक्त इतरांच्या तोंडून ऐकत होतो. अण्णांच्या आयुष्यातल्या शेवंता या बाईचं नाव तर घरातले लोक दबक्या आवाजातच घ्यायचे. जानेवारी २०१९मध्ये दुसरा भाग आला आणि तो आधीची गोष्ट सांगणारा होता. मराठी मालिकेत असं मागं जाणं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरी मोठी चर्चा झाली. अण्णा मरणार हे ठाऊक आहे, मग बघायचं काय? आईचं मत होतं की भीती जाणार. माझी अपेक्षा होती की वाड्यातल्या भुतांचा उलगडा होईल.

उलगड्याची आठवण मला आज फारशी नाही. आठवतात ते माधव अभ्यंकरांचे अण्णा दार उघडून आत येतात आणि बसलेली माणसं ज्या पद्धतीनं उठतात ते. आठवते अपूर्वा नेमळेकरची शेवंता, आणि चुलीजवळ बसून सगळं बघणाऱ्या, काहीच न बोलणाऱ्या अण्णांच्या पत्नी माई. पहिल्या भागात शेवंता म्हणजे घराला लागलेला डाग होता. दुसऱ्या भागात ती बाई झाली, तिला हौस होती, हट्ट होता, तिची फसवणूक होत होती आणि ती स्वतःही फसवत होती. शेवट माहीत असल्यामुळं तिचं प्रत्येक हसणं बघवत नव्हतं. आई, जिला भीती जाणार असं वाटत होतं, ती शेवंतासाठी डोळे पुसायची. रात्रपाळीची थ्री फेज लाईट असली की वडील मोटर चालू करायला रानात जायचे, उसात बिबट्याची भीती, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न विचारायचे, “काय झालं आज शेवंताचं?”

गाडीत मी एवढंच म्हणालो की मागं जाऊन भूत समजावून सांगितलं तर भूत लहान होतं, हे गुरुजींचं खरं. पण मागं जाऊन माणूस दाखवला तर भूत मोठं होतं. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. कोळगाव मागं पडलं. मग म्हणाले, “मग कुठला माणूस?”

मला उत्तर देता आलं नाही.

थिएटर भरलेलं होतं. मोबाईलवर चार वेळा पाहिलेला सिनेमा मी पहिल्यांदाच पाहत होतो, असं वाटलं. मोबाईलवर पाऊस दिसतो, तिथं तो अंगावर येत होता. हा खरा पाऊस आहे, पावसाळ्यांची वाट बघून टिपलेला, आणि मोठ्या पडद्यावर ते लपत नाही. पंकज कुमारांच्या कॅमेऱ्यानं कंदिलाच्या उजेडाबाहेरचा अंधार असा ठेवलाय की त्यात डोळे फाडून बघावं लागतं. मध्यंतरापर्यंत पुतण्या एक शब्द बोलला नव्हता. ‘तुम्बाड’ पहिल्यांदा लागला तेव्हा जे झालं नाही ते या खेपेला झालं. पुन्हा लागल्यावर त्यानं आधीच्या सगळ्या कमाईला मागं टाकलं. त्या गर्दीतलं एक तिकीट माझं होतं, याचा मला आनंद आहे.

एक गोष्ट मला तिथं नव्यानं दिसली. मोबाईलवर माझी नजर कायम हस्तरवर असायची. पडद्यावर नजर गेली ती पहिल्या भागातल्या विनायकच्या आईवर. ज्योती माळशे यांनी केलेली ती विधवा, एका मोहरेच्या आशेवर ‘सरकार’ म्हणवणाऱ्या म्हाताऱ्या वाडामालकाची सेवा करणारी. तिच्या घरात साखळीनं बांधलेली शापित म्हातारी. तिला झोपेतच भरवायचं, उठली तर खैर नाही. धाकटा मुलगा झाडावरून पडतो आणि त्यातच पुढं मरतो. त्याला वाचवायला आई निघते तेव्हा विनायकला त्या म्हातारीला जेवू घालायला एकट्याला मागं राहावं लागतं. आणि तीच बाई मुलाकडून वचन घेते की परत इथं पाऊल ठेवणार नाहीस. सगळ्या सिनेमात सोनं सोडून जाऊ शकलेलं मोठं माणूस ती एकटीच आहे. तिला काय माहीत होतं? काय पाहिलं होतं तिनं? आपण तिला विनायकची आई म्हणूनच ओळखतो, तिच्या मागं काहीच नाही.

रात्री उशिरा घरी पोचलो. आजी जागी होती. तिला सगळं सांगितलं, पाऊस, गर्दी, गाडीतला वाद. देवांची लढाई ऐकून ती म्हणाली, “ती तर पोथीतबी असती.” विहीर कुणी खणली, हे ऐकून मान हलवली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

“आन् ती म्हातारी?”

“कुठली?”

“साखळीनं बांधलेली. ती आधी कोण व्हती?”

मी तिला सांगितलं, हस्तर ज्याला शिवतो तो मरत नाही, कुजत राहतो. हस्तर तिला शिवला.

“मंजी ती खाली गेली व्हती.”

“गेली असणार.”

“तिला कुणी सोडलं खाली?”

आणि मग तिनं ते सांगितलं जे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बहात्तरला विहिरी आटल्या. तळाला झऱ्याजवळ ओंजळभर पाणी साचायचं. तिथं कुणाला तरी सोडायचं आणि वाटीनं घागर भरून घ्यायची. जड माणूस चालत नाही, दोर धरणाऱ्यांच्यात ताकद नव्हती. आजी तेव्हा विशीतली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. अंगात काही नव्हतं. तिला सोडायचे.

“आत्याला न्हाई सोडलं?” माझ्या वडिलांची आत्या, म्हणजे तिची नणंद, तिच्याच वयाची.

“तिचं लगीन व्हायचं व्हतं,” आजी म्हणाली. आवाजात कसलीच तक्रार नव्हती. नारळ फोडायला दगड घेतात, त्यासारखं सांगितलं.

खाली कसं वाटायचं, असं मी विचारलं. मला माहीत असलेल्या भीतीचं काहीतरी ती सांगेल अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, गार वाटायचं. वर उन्हाचा जाळ आणि खाली गार. वर दिवसभर कुणी ना कुणी काम सांगायचं, खाली कुणी हाक मारत नव्हतं. एका वाटीला वेळ लागायचा, तेवढा वेळ तिचा. “वर यावं वाटायचं न्हाई बघ.”

एक दिवस घागर भरली, दोराला हिसका दिला, वरून काहीच नाही. हाक मारली, ओ नाही. दोर ढिला. किती वेळ गेला तिला सांगता येईना. झऱ्यात दुसरी घागर भरेल एवढा पाणी साचायचा वेळ, ती म्हणाली. तेवढ्या वेळात तिनं ठरवून टाकलं की आपल्याला इथंच ठेवलं. मग काठावर सासऱ्यांचं डोकं दिसलं. पोटात काही नव्हतं म्हणून त्यांना ग्लानी आली होती, दोर गुडघ्याखाली धरून तिथंच झोपले होते. वर आल्यावर ते काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली.

“त्या नव्या पिच्चरमधी हे दाखवणार का?” आजीनं विचारलं. “म्हातारीला पैल्यांदा कुणी सोडली ते?”

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात, बाजेवर बसलं होतं.

त्या दिवसापासून मला आधीच्या गोष्टीची जी आस आहे ती ही. हस्तर कसा जन्मला, हे मला बघायचं नाही. देवांची लढाई पहिल्या सिनेमात दोन-तीन मिनिटांत सांगितलीय, तेवढी पुरे आहे. मला बघायचंय की सोन्याची बातमी लागल्यावर त्या घरातल्या लोकांनी ओसरीवर बसून कसं ठरवलं, आधी कोण उतरणार. सोनं खरं आहे की नाही कुणालाच माहीत नाही, हस्तर काय करतो ते माहीत नाही, दोर पुरेल का ते माहीत नाही. अशा वेळी घरातला कर्ता उतरत नाही. मला ती सून बघायचीय जिला सांगितलं गेलं की तू हलकी आहेस. खाली तिला काय दिसलं ते नाही दाखवलं तरी चालेल. वर दोर धरून बसलेल्यांचे चेहरे दाखवा. हिसका आला आणि कुणीच लगेच ओढला नाही, तो वेळ दाखवा. ती वर आली तेव्हा तिच्या मुठीत मोहर होती आणि सगळ्यांनी आधी मूठ पाहिली, तिच्याकडं नंतर. आणि मग त्यांनी तिला साखळीनं बांधलं.

एका इंग्रजी सिनेमानं हे धाडस केलेलं मी पाहिलंय, म्हणून ते होऊ शकतं असं वाटतं. १९७६च्या ‘ओमेन’मध्ये सैतानाचं मूल मोठ्या घरात येतं, पण त्याला जन्म देणारीची गोष्ट तो सिनेमा सांगत नाही. २०२४मध्ये आलेल्या ‘द फर्स्ट ओमेन’नं ते मूल बाजूला ठेवलं आणि ज्या मुलीच्या शरीराचा इतरांनी परस्पर निर्णय घेतला तिची गोष्ट सांगितली. अर्काशा स्टीव्हन्सन या बाईंचा हा पहिलाच मोठा सिनेमा. तो पाहताना मला सैतानाची भीती कमी वाटली आणि त्या खोलीत शांतपणे उभ्या असलेल्या माणसांची जास्त.

गुरुजींना मी आजीची हकीगत सांगितली तेव्हा ते उठून आमच्या घरी आले. आजीच्या समोर खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले आणि तिला पुन्हा सांगायला लावली. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “असं होणार असेल तर मागं जाऊ द्या.” पुतण्याला अजून सोळा कोटी देवच पाहिजेत. त्याचं त्याला मिळो, त्याचाही हक्क आहे. माझ्या दुकानातल्या मुलानं मात्र एक बदल केला. मी खाली असलो की तो दर थोड्या वेळानं वरून हाक मारतो. कामाचं काही नसतं. नुसतं, “दादा?” मी “हां” म्हणतो. मी त्याला तसं करायला सांगितलेलं नाही.

आजी महिन्या-दोन महिन्यांनी विचारते, “आला का रं त्यो पिच्चर?” मी सांगतो, अजून नाही. ती म्हणते, आला की मोठ्या पडद्यावर ने, त्या फोनात काय दिसत न्हाई. तिचे गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत. नगरच्या त्या थिएटरात मागच्या खेपेला गेलो तेव्हा मी एक गोष्ट बघून ठेवलीय. खालच्या दारानं आत गेलं तर पुढून चौथ्या रांगेपर्यंत एकही पायरी लागत नाही.